परळ : एका मतदारसंघाचे स्थित्यंतर

मतदारसंघाचा इतिहास म्हणजे केवळ विजयी उमेदवारांची यादी नव्हे, हे परळकडे पाहताना आम्हांला प्रकर्षाने जाणवते. गिरणगावातील या मतदारसंघाचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांची ५ जून १९७० रोजी हत्या झाली. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये झालेल्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांचा पराभव करून वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. मताधिक्य मात्र अवघे १,६७९ होते. ‘लाल परळ एका रात्रीत भगवे झाले’ या सुलभ विधानाला हा आकडा छेद देतो. वस्ती दुभंगली होती, बदलली नव्हती. पुढे १९८२च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि २००८च्या पुनर्रचनेत परळ मतदारसंघही उरला नाही. गिरणगावचे साहित्य शिकवताना तेथील कामगार एकमुखी होता असे गृहीत धरणे, म्हणूनच, आम्हांला धोक्याचे वाटते.