घर मोडले, पाहुणा उरला : डिटेक्टिव्ह जॉन मंचची कथा

फेब्रुवारी १९९५. बाल्टिमोरच्या रेल्वे स्थानकावर न्यूयॉर्कहून आलेला एक पोलीस आपल्या ताब्यातील आरोपी स्थानिक पोलिसाच्या हवाली करतो. दोघे उभ्या उभ्या आपापल्या शहराच्या थोरवीवरून हुज्जत घालतात आणि आपापल्या वाटेने निघून जातात. दृश्य जेमतेम काही क्षणांचे. पण जाणकार प्रेक्षक चमकले. न्यूयॉर्कचा तो पोलीस म्हणजे ‘लॉ अँड ऑर्डर’मधील माइक लोगन होता आणि तो उभा होता ‘होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट’ या निराळ्याच मालिकेत. (आरोपी झाले होते बाल्टिमोरचेच विख्यात दिग्दर्शक जॉन वॉटर्स. हा खास गाववाल्यांसाठीचा विनोद!)

एका मालिकेतील पात्राने दुसऱ्या मालिकेत पाहुणे म्हणून जाणे आपल्याला नवे नाही. हिंदी वाहिन्यांनी त्याला ‘महासंगम’ असे भारदस्त नावही दिले आहे. परंतु अमेरिकेतील या भेटीमागे हौसेपेक्षा निकड अधिक होती.

‘होमिसाइड’चा उगम एका पुस्तकात आहे. ‘बाल्टिमोर सन’चा वार्ताहर डेव्हिड सायमन याने १९८८ हे संपूर्ण वर्ष शहराच्या खून तपास पथकाबरोबर काढले आणि १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. त्यावरून बेतलेली मालिका ३१ जानेवारी १९९३ रोजी एनबीसी वाहिनीवर सुरू झाली. चित्रीकरण प्रत्यक्ष बाल्टिमोरमध्ये, कॅमेरा हातात धरलेला, दृश्यांचे तुकडे मुद्दाम खडबडीत जोडलेले; आणि काही खून अखेरपर्यंत न उलगडलेले. समीक्षकांनी मालिका डोक्यावर घेतली, प्रेक्षक मात्र बेताचेच राहिले. दुसऱ्या हंगामात वाहिनीने अवघे चार भाग दाखवले. मालिका बंद पडण्याची टांगती तलवार कायमची डोक्यावर होती.

त्याच वाहिनीवर १९९० पासून ‘लॉ अँड ऑर्डर’ भक्कमपणे पाय रोवून उभी होती. तेव्हा हिशेब सरळ होता : थोरल्या घरचे प्रेक्षक धाकट्या घरी न्यायचे. ७ फेब्रुवारी १९९६, बुधवार. ‘लॉ अँड ऑर्डर’च्या भागात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला होतो. टोकियोच्या भुयारी रेल्वेतील सरीन हल्ल्याला तेव्हा वर्षही उलटले नव्हते. बाल्टिमोरमधील एका जुन्या हल्ल्याशी याचे साम्य आढळते आणि तेथील डिटेक्टिव्ह पेम्बल्टन व बेलिस न्यूयॉर्कला येऊन थडकतात. कथा त्या रात्री संपत नाही. शेवट हवा असेल, तर ९ तारखेला, शुक्रवारी, ‘होमिसाइड’ पाहणे भाग होते.

दोन्ही भाग लागोपाठ पाहिले की खरी मौज कळते. त्याच व्यक्ती, तेच प्रकरण. पण बुधवारी कॅमेरा शिस्तीत चालतो आणि शुक्रवारी तोच जणू अस्वस्थ होऊन भिरभिरू लागतो. आरोपी कोणाचा, खटला कोणी चालवायचा, ही पोलिसांमधील ओढाताण एका अर्थी दोन निर्मितीसंस्थांच्या शैलींमधीलही होती. या योजनेची किंमतही होती. नुसत्या ‘लॉ अँड ऑर्डर’चे पुनर्प्रक्षेपण पाहणाऱ्याच्या वाट्याला अर्धीच गोष्ट येई, उरलेली अर्धी दुसऱ्या मालिकेच्या पेटाऱ्यात बंद. पुढे १९९७ आणि १९९९ मध्येही दोन मालिकांत अशाच जोडकथा झाल्या.

या ये-जा करणाऱ्या मंडळींत सर्वांत लांबचा पल्ला गाठला तो जॉन मंच याने. काळा चष्मा, सुकलेला चेहरा, तिरकस जीभ आणि सरकारच्या प्रत्येक कृतीत कट दिसण्याची खोड. ही भूमिका केली रिचर्ड बेल्झर या विनोदवीराने. पात्राचे मूळ मात्र सायमनच्या पुस्तकातील खऱ्याखुऱ्या जे लँड्समन या पोलीस अधिकाऱ्यात होते.

नोव्हेंबर १९९७ मध्ये मंच थेट प्रतिस्पर्धी फॉक्स वाहिनीवर, ‘द एक्स-फाइल्स’मध्ये अवतरला. १९८९ सालच्या बाल्टिमोरमध्ये घडणाऱ्या त्या भागात एक गृहस्थ त्याला सरकारी कारस्थानाची कहाणी सांगतो. कहाणी खरी असते. आयुष्यभर कट हुंगत फिरणाऱ्या मंचचा नेमका तिच्यावरच विश्वास बसत नाही! पाहुण्याचा स्वभाव इतक्या नेमकेपणाने वापरणारे यजमान विरळाच.

२१ मे १९९९ रोजी ‘होमिसाइड’चा शेवटचा भाग झाला. प्रथेनुसार मंचची कारकीर्दही तिथेच आटोपायची. पण ‘लॉ अँड ऑर्डर’चे जनक डिक वुल्फ यांनी मूळ निर्मात्यांच्या संमतीने त्याला उचलले आणि २० सप्टेंबरला सुरू झालेल्या ‘स्पेशल व्हिक्टिम्स युनिट’मध्ये न्यूयॉर्कचा पोलीस म्हणून बसवले. अवघ्या चार महिन्यांत पाहुणा घरचा झाला. तिथून तो निवृत्त झाला २०१३ मध्ये. मधल्या काळात २००८ साली सायमनच्याच ‘द वायर’मध्ये तो एका बारमध्ये क्षणभर दिसतो आणि आपलाही पूर्वी एक बार होता, असे सुनावतो. तो बार ‘होमिसाइड’मधला. याच ‘द वायर’मध्ये जे लँड्समन नावाचे पात्र दुसराच नट रंगवतो, तर खरे लँड्समन मेलो नावाच्या भलत्याच अधिकाऱ्याच्या भूमिकेत वावरतात. मूळ माणूस, त्याचे नाव आणि त्याची पडछाया, तिन्ही एकाच मालिकेत.

आणि ‘होमिसाइड’? तिच्यातील गाण्यांच्या हक्कांचा गुंता मोठा होता. म्हणून, जुन्या मालिका ऑनलाइन सहज मिळू लागल्या, त्या काळातही ती वर्षानुवर्षे स्ट्रीमिंगवर आली नाही. मंचला न्यूयॉर्कचाच समजणारी प्रेक्षकांची एक पिढी त्याचे मूळ घर न पाहताच मोठी झाली. बेल्झर फेब्रुवारी २०२३ मध्ये निवर्तला. ‘होमिसाइड’ पीकॉकवर उपलब्ध झाली ती ऑगस्ट २०२४ मध्ये.