डोंगराची फणेरपेटी

शरदातली फॅशन म्हटले की हल्ली मासिकांची गुळगुळीत पाने डोळ्यांपुढे येतात. फुललेल्या बागेचे रंग ओठांवर, नखांवर, कपड्यांवर कसे आणावेत याचा सल्ला त्यांत असतो. भोर-वेल्ह्याच्या मावळात बाग लावावी लागत नाही. भादवा लागला की तोरणा-राजगडाचे उतार आपणहून फुलतात. पिवळी सोनकी, गुलाबी तेरडा, कुर्डूचे तुरे, आणि सात-आठ वर्षांतून एकदा निळीजांभळी कारवी.

हा बहर येतो तोही वेळेवर. आषाढ-श्रावण भातलावणीत आणि बेणणीत जातात. पाय चिखलात, पाठ वाकलेली, डोक्यावर इरले. कापणीला अजून अवकाश असतो. मधल्या उसंतीत गौर येते, तीही माहेरवाशीण म्हणून! नटायला वेळ लागतो, आणि कष्टकरी बाईला तो वर्षातून इथेच सापडे. शृंगाराच्या इतिहासात आपण दागिने पुष्कळ मोजतो. माझ्या मते आधी ही उसंत मोजायला हवी.

गौरीची रीत घरोघरी वेगळी. कुठे मुखवटे, कुठे नदीकाठचे खडे, तर कोकणात आणि घाटमाथ्याच्या बाजूला अनेक घरी तेरड्याची रोपे. ती मुळासकट आणायची, कारण मुळे म्हणजे गौरीची पावले. मग त्या जुडीला लुगडे नेसवायचे, दागिने घालायचे. कळलावीच्या लालपिवळ्या फुलांना तर कोकणात ‘गौरीचे हात’ म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठेवर पूजन, मुळावर विसर्जन. ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ असे आपण नाक मुरडून म्हणतो खरे, पण गौरही तीनच दिवसांची पाहुणी असते.

शिवाय हा रंग वाटतो तितका कच्चा नाही. मेंदी ज्या द्रव्यामुळे रंगते, ते लॉसोन तेरड्यातही असते. कोरियातल्या मुली तेरड्याच्या पाकळ्या तुरटीबरोबर ठेचून नखांवर बांधतात. नख वाढून कापले जाईपर्यंत तो रंग उतरत नाही.

घरातली फणेरपेटी छोटीशीच असे. आरसा, फणी, मेणाची डबी, कुंकवाचा करंडा. कपाळावर आधी मेण, त्यावर कुंकू. हळदीला क्षार लागला की ती लाल होते, या साध्या रसायनावर ते कुंकू बने. काजळ दिव्याच्या काजळीचे. दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथाही ओलसर शेतातलाच.

लुगड्यांच्या रंगांची नावेही झाडाफुलांवरून पडली: गुलबक्षी, अबोली, डाळिंबी, जांभळा. करडईच्या फुलांचा तो कुसुंबी. 1856 मध्ये लंडनला अठरा वर्षांचा विल्यम पर्किन क्विनीन करायला गेला आणि हाती आला कृत्रिम जांभळा रंग. पुढे कारखान्यांच्या रंगांनी वनस्पतींचे रंग मागे सारले. नावे मात्र राहिली. आजही दुकानात आपण गुलबक्षी रंग मागतो, पण त्याचा त्या फुलाशी संबंध नावापुरताच. 2000 नंतरच्या दशकात तर नवरात्राचे नऊ रंग वृत्तपत्रांतून ठरू लागले. लोकलच्या डब्यात सगळ्या एका रंगात दिसतात, त्यात मजा आहे हे मी नाकारत नाही.

पण फणेरपेटीची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही. अनेक घरांत नवरा गेला की ती पेटी मिटे. कुंकू, बांगड्या, केसांतले फूल एका दिवसात जाई, आणि हळदीकुंकवाचे बोलावणेही थांबे. डोंगर दरवर्षी फुले. तिच्यासाठी मात्र तो ऋतू संपलेला असे. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या प्रथा गावात बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हेरवाडचे अनुकरण करण्यास सांगितले.