सावित्रीकाठची मिशनवाट : बाणकोट, महाड आणि पोलादपूर

महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर व महाड तालुक्यांतून वाहत बाणकोटजवळ अरबी समुद्रास मिळते. या नदीच्या आधारानेच प्राचीन काळापासून कोकण आणि घाटमाथा जोडणारी वाट घडली. गलबतांतून महाडपर्यंत आलेला माल पुढे बैलांच्या पाठीवरून घाट चढत असे. महाडजवळील गांधारपाले येथील बौद्ध लेणी हा या वाटेच्या प्राचीनतेचा पुरावा होय. व्यापाऱ्यांच्या मागोमाग धर्मसाधकही याच मार्गाने आले व येथे स्थिरावले.

सीमेवरील मुलूख

हा प्रदेश दीर्घकाळ सत्तांच्या सीमेवर राहिला. महाडच्या उत्तरेस रायगड, तर पोलादपूरच्या वर प्रतापगड उभा आहे. १७५६ च्या तहान्वये पेशव्यांनी बाणकोटचा किल्ला इंग्रजांना दिला व त्यांनी त्यास ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ असे नाव ठेवले. १८०२ मध्ये पुण्याजवळील लढाईत पराभव झाल्यावर दुसरे बाजीराव महाडच्या आश्रयास आले होते. १८१८ मध्ये पेशवाई संपुष्टात आल्यावर हा मुलूख इंग्रजी अमलाखाली गेला.

स्कॉटिश मिशन

१८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पहिले मिशनरी रेव्ह. डोनाल्ड मिचेल येथे आले. ते पूर्वी कंपनीच्या सैन्यात अधिकारी होते. आगमनानंतर काही महिन्यांतच, त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. तथापि कार्य थांबले नाही. जेम्स मिचेल, जॉन कूपर, अलेक्झांडर क्रॉफर्ड व जॉन स्टीव्हन्सन यांनी बाणकोट आणि हर्णै ही केंद्रे सांभाळली व मराठी शाळा काढल्या. स्टीव्हन्सन पुढे मराठी व्याकरणकार आणि संस्कृतचे अभ्यासक म्हणून नावारूपास आले.

१८२९ मध्ये भारतात आलेले डॉ. जॉन विल्सन व त्यांच्या पत्नी मार्गारेट यांनीही मराठीचे पहिले धडे याच किनाऱ्यावर गिरवले. त्यानंतर त्यांनी मुंबईत केलेले शिक्षणकार्य सर्वश्रुत आहे. पुढील दशकात मिशनचे लक्ष मुंबई व पुण्याकडे वळले आणि कोकणातील केंद्रे मागे पडली. हे मिशनरी प्रोटेस्टंट पंथाचे होते. मात्र लोकांची भाषा प्रथम शिकावी, मग बोलावे, हा त्यांचा धडा सर्वच पंथांना मोलाचा आहे.

महाबळेश्वरची वाट

१८२० च्या दशकाअखेरीस महाबळेश्वर हे इंग्रजांचे थंड हवेचे ठिकाण झाले. मुंबईहून गलबताने बाणकोट, खाडीतून महाड आणि तेथून पोलादपूरमार्गे पारघाट असा प्रवास पुष्कळ जण करीत. ही वाट सोपी नव्हती. १८५३ मध्ये आर्थर मॅलेट यांची पत्नी व तान्हे मूल सावित्रीच्या मुखाशी बुडून मरण पावले. सावित्रीच्या उगमाजवळचा ‘आर्थर सीट’ हा कडा मॅलेट यांच्याच नावाने ओळखला जातो. नंतर आंबेनळी घाटातून गाडीरस्ता झाला, लोहमार्ग अन्यत्र गेले आणि महाडच्या बंदराचे महत्त्व ओसरले.

पाण्याचा प्रश्न

महाडला जगाच्या इतिहासात स्थान मिळाले ते मात्र २० मार्च १९२७ रोजी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. ज्या वाटेने शतकानुशतके धर्माची शिकवण आली, त्याच वाटेवरील नगरात माणसाला पाण्यासाठी लढावे लागले, ही बाब प्रत्येक धर्मीयाने अंतर्मुख व्हावे अशी आहे.

आज

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळील सावित्रीवरील जुना पूल महापुरात वाहून गेला व अनेकांचे प्राण गेले. जुलै २०२१ मध्ये महाड तालुक्यातील तळिये गाव दरडीखाली गाडले गेले. पोलादपूर तालुक्यातही जीवितहानी झाली.

चर्चच्या रचनेत ही एकच नदी तीन धर्मप्रांतांना स्पर्श करते : उगमाशी पुणे, महाड-पोलादपुरात मुंबई महाधर्मप्रांत व बाणकोटच्या तीरावर सिंधुदुर्ग. येथे ख्रिस्ती लोकवस्ती अल्प आहे. म्हणूनच दरड आणि पुराच्या दिवसांत शेजाऱ्यास दिलेला हात हीच या वाटेवरील साक्ष ठरते.