लंडनचा कंडक्टर आणि कारकुनाचा शनिवार

व्यायाम करावा, असा उपदेश करणाऱ्यांची वाण जगात कोणत्याच काळी नव्हती. परंतु व्यायामाने नेमके काय साधते, किती साधते, आणि कोणत्या वयात केलेला व्यायाम कोणत्या वयात कामास येतो, ह्याचा रोकड हिशेब मांडणारे मात्र फार थोडे झाले. इ.स. १७०० मध्ये बर्नार्डिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. दिवसभर बसून शिवणारे शिंपी व चांभार पाठीत वाकतात, निस्तेज दिसतात, हे त्याने पाहिले होते. आणि अशा लोकांनी निदान सणासुदीच्या दिवशी तरी अंग हलवावे, असे त्याने सांगून ठेवले. सल्ला शहाणपणाचा होता. परंतु सल्ला म्हणजे पुरावा नव्हे. तो पुरावा हाती येण्यास पुढे अडीचशे वर्षे जावी लागली, आणि तो सापडला तो एखाद्या आखाड्यात नव्हे, तर लंडनच्या दुमजली बसगाडीच्या जिन्यावर.

दुसरे महायुद्ध संपले त्या सुमारास इंग्लंडातील डॉक्टरांस एका नव्या अरिष्टाने घेरले होते. साथीचे जुने रोग हटत चालले होते. परंतु ऐन कर्तेपणातले पुरुष, ज्यांची मुले अजून शाळेत जात आहेत असे, सकाळी धडधाकट घराबाहेर पडत आणि संध्याकाळी त्यांच्या मृत्यूची वार्ता घरी येई. हृदयास रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या कोंदल्यामुळे येणारा हा झटका पूर्वी क्वचित दिसे. आता तो रोजचा झाला होता. ह्याचे कारण काय? आहार म्हणावा, तर युद्धकाळातील शिधावाटपाने सर्वांची ताटे जवळजवळ सारखीच झाली होती. मनाचा ताण म्हणावा, तर तो कोणास नव्हता? तर्क पुष्कळ होते. परंतु आधार कशासच नव्हता.

हा प्रश्न ज्याने हाती घेतला, त्याचे नाव जेरेमी मॉरिस. त्याचा जन्म १९१० साली लिव्हरपूल येथे झाला आणि बालपण ग्लासगोच्या गरीब वस्तीत गेले. पूर्व युरोपातून देशोधडीला लागून आलेल्या ज्यू कुटुंबातला हा मुलगा डॉक्टर झाला, आणि महायुद्धात सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल होऊन काही काळ हिंदुस्थानातही राहून गेला. रोग्याच्या उशाशी बसून एका रोग्यास बरे करावे ह्यापेक्षा, हजारो माणसांची मोजदाद करून रोग कोणास होतो व कोणास होत नाही हे शोधावे, ह्याकडे त्याचा ओढा होता. १९४८ साली ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाने सामाजिक वैद्यकाचा एक लहानसा विभाग काढला आणि त्याची सूत्रे मॉरिसच्या हाती दिली.

मॉरिस व त्याचे सहकारी ह्यांनी निरनिराळ्या धंद्यांतील माणसांच्या नोंदी जमविण्यास आरंभ केला. त्यांत लंडनच्या वाहतूक खात्याचे नोकर होते. लंडनची लाल दुमजली बस ही ह्या शोधासाठी जणू निसर्गानेच मांडून ठेवलेली प्रयोगशाळा ठरली. मुंबईकरांस ह्या गाडीची ओळख निराळी करून देण्याचे कारण नाही. त्यांच्या रस्त्यांवरही दुमजली बस १९३७ सालापासून धावू लागली होती. गाडी एक, पुढे ड्रायव्हर, मागे कंडक्टर. दोघेही साधारण एकाच थरातले, शेजारपाजारच्या वस्त्यांतून आलेले, एकाच धुरात व एकाच गर्दीत दिवस काढणारे. भेद काय तो एवढाच की, ड्रायव्हर आपल्या कामाच्या वेळेपैकी शेकडा नव्वद भाग बसून असे. उलट कंडक्टर तिकिटे देण्यासाठी दिवसातून सुमारे ५०० ते ७५० पायऱ्या चढे.

३५ ते ६४ ह्या वयाच्या ३१,००० वाहतूक नोकरांचा हिशेब तपासण्यात आला. १९४९ व १९५० ह्या दोन वर्षांतील आकडे असे बोलले: दर हजार ड्रायव्हरांमागे वर्षास २.७ जणांस हृद्रोहिणीचा विकार जडला. कंडक्टरांत हेच प्रमाण १.९ होते. इतकेच नव्हे, तर कंडक्टरांस हा रोग उशिरा गाठी आणि गाठला तरी त्यांतील पुष्कळजण त्यातून वाचत. झटक्यासरशी मरण यावे, हे दुर्दैव ड्रायव्हरांच्या वाट्यास अधिक आले होते.

दुसरा एखादा उतावळा संशोधक हे आकडे घेऊन लगेच छापखान्याकडे धावला असता. मॉरिस थांबला. बसगाडीत जे दिसले ते अन्यत्रही दिसते की नाही, हे पाहिल्यावाचून बोलू नये, असे त्याने ठरविले. म्हणून टपाल खात्याकडे दृष्टी वळविण्यात आली. पायी किंवा सायकलीवर हिंडून पत्रे वाटणारा पोस्टमन, आणि त्याच खात्यात खुर्चीवर बसून काम करणारे कारकून व टेलिफोनवाले, अशी तुलना झाली. तेथेही तोच प्रकार. हिंडणारे तरले; बसणारे अधिक बळी पडले. तेव्हा कोठे १९५३ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय पत्रात हा शोध प्रसिद्ध झाला.

ह्यावर आक्षेप आले, आणि ते रास्तही होते. ज्याची प्रकृती मुळातच स्थूल, तो बैठे काम पतकरतो आणि जो चपळ तो कंडक्टर होतो, असे कशावरून नसेल? मग गुण जिन्याचा की माणसाचा? ह्या आक्षेपाची तड लावण्यासाठी मॉरिस आणि मंडळींनी जो मार्ग काढला, तो मोठा नामी होता. वाहतूक खाते आपल्या नोकरांस गणवेश देई आणि त्या गणवेशाची मापे शिंप्याच्या वहीत नोंदलेली असत. ती मापे तपासता असे आढळले की, ड्रायव्हरांच्या विजारीचा कंबरपट्टा कंडक्टरांच्या मानाने खरोखरच मोठा होता. आणि तोही अगदी तरुण वयापासूनच. म्हणजे आक्षेप काही अंशी खरा ठरला. १९५६ साली मॉरिसने स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्ध जाणारी ही गोष्ट स्वतःच छापून टाकली. विद्वत्तेपेक्षाही ह्या प्रामाणिकपणाचे मोल अधिक मानले पाहिजे. मात्र पुढील तपासात असेही दिसले की, माणूस सडपातळ असो, मध्यम असो वा पोट सुटलेला असो, अकस्मात मरण कंडक्टरांत कमीच होते. तेव्हा गुण सगळाच माणसाचा नव्हता. जिन्याचाही काही वाटा होता.

परंतु ह्याच सुमारास काळ पालटत चालला होता. अंगमेहनतीची कामे यंत्रांनी उचलली, कचेऱ्या वाढल्या, घरोघर मोटारी आल्या. ज्याला दिवसातून सहाशे पायऱ्या चढाव्या लागतात, असा नोकर दुर्मिळ होत जाणार, हे उघड होते. मग कचेरीत बसणाऱ्या चाळिशीपलीकडच्या माणसाने काय करावे? त्याचे पोट खुर्चीवर अवलंबून. खुर्ची सोडणे त्याच्या हाती नाही. त्याच्या हाती असतो तो फक्त कचेरी सुटल्यानंतरचा वेळ. त्या सवडीच्या वेळात केलेली हालचाल हृदयाच्या खाती जमा होते काय, हा खरा प्रश्न होता. आणि जगातील कोट्यवधी कुटुंबांचे सौभाग्य त्याच्या उत्तरावर अवलंबून होते.

१९६८ ते १९७० ह्या काळात मॉरिसने सरकारी नोकरीतील मधल्या दर्जाचे, ४० ते ६४ वर्षे वयाचे १६,८८२ पुरुष निवडले. हे सारे बैठ्या कामाचे लोक. त्यांच्यापुढे एका सोमवारी सकाळी, आगाऊ सूचना न देता, एक कागद ठेवण्यात आला आणि मागल्या शुक्रवारी व शनिवारी आपण काय काय केले, हे तपशिलाने लिहिण्यास सांगण्यात आले. आगाऊ सूचना न देण्यात मोठे मर्म होते. आपण परीक्षेस बसणार हे ठाऊक असते, तर पुष्कळांनी शनिवारी मुद्दाम घाम गाळला असता!

त्यानंतर ह्या मंडळींपैकी २३२ जणांस हृदयविकाराचा पहिला झटका आला. त्यांपैकी प्रत्येकाशी त्याच्याच बरोबरीच्या दोन निरोगी सहकाऱ्यांचे कागद ताडून पाहण्यात आले. निरोगी राहिलेल्यांपैकी शेकडा २६ जणांनी त्या दोन दिवसांत जोमाचा व्यायाम केल्याचे लिहिले होते. रोग जडलेल्यांत असे लिहिणारे शेकडा अवघे ११ निघाले. जोमाचा व्यायाम करणाऱ्यास असलेला धोका इतरांच्या मानाने सुमारे एक तृतीयांश भरला. १९७३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पुढे अशा सुमारे १८,००० जणांचा साडेआठ वर्षे मागोवा घेण्यात आला. तेव्हा जोमाने खेळणाऱ्यांत शेकडा ३.१ जणांस, तर न खेळणाऱ्यांत शेकडा ६.९ जणांस हा विकार झाल्याचे १९८० साली जाहीर झाले.

येथे ‘जोमाचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पोहणे, टेनिससारखे खेळ, टेकडी चढणे, बागेत कुदळीने खणणे, झपाट्याने चालणे ह्यांचा त्यात समावेश होता. बागेत रमतगमत फिरून गुलाबाची दोन फुले तोडणे ह्यास ह्या हिशेबात काही किंमत मिळाली नाही.

१९९० साली मॉरिसने दुसऱ्या ९,३७६ सरकारी नोकरांचा नऊ वर्षांहून अधिक काळाचा वृत्तान्त मांडला, आणि त्यातून एक कठोर सत्य पुढे आले. तारुण्यात मैदाने गाजवून पुढे खेळ सोडून दिलेल्यांस त्या जुन्या पराक्रमाचा काहीएक लाभ झालेला दिसला नाही. लाभ झाला तो ज्यांचा व्यायाम त्या वयातही चालू होता त्यांनाच. व्यायाम ही बँकेत ठेवून व्याजावर जगण्याची ठेव नव्हे. ती रोज मिळवून रोज खर्च करावयाची मजुरी आहे. भिंतीवर टांगलेली तालमीतली तसबीर पन्नाशीत हृदयाचे रक्षण करीत नाही.

अमेरिकेतही ह्याच दिशेने दुसरा एक शोध चालला होता. राल्फ पॅफेनबर्गर ह्या डॉक्टराने हार्वर्ड विद्यापीठाच्या १६,९३६ माजी विद्यार्थ्यांची माहिती गोळा केली. आठवड्यातून दोन हजार कॅलरींहून कमी शक्ती हालचालीत वेचणाऱ्यांस हृदयविकाराचा धोका शेकडा ६४ ने अधिक असल्याचे त्याने १९७८ साली दाखविले. महाविद्यालयातील नामांकित खेळाडूही पुढे आळसावले की इतरांच्याच पंक्तीस जाऊन बसतात, हेही त्याला आढळले. आपल्या शोधाने तो स्वतः असा काही पटला की, चाळिशी उलटल्यावर त्याने धावण्यास आरंभ केला आणि लांब पल्ल्याच्या शर्यती पुऱ्या केल्या.

ह्या संशोधनास मर्यादा होत्या, हे सांगितलेच पाहिजे. लंडनच्या ह्या नोंदी केवळ पुरुषांच्या होत्या. गृहिणीच्या श्रमांचा व स्त्रीच्या हृदयाचा हिशेब त्यांत नव्हता. जो मुळात निरोगी तोच खेळावयास जातो, ही शंकाही समूळ गेली नाही. पुढील काळात स्त्रियांचाही अभ्यास झाला आणि मध्यम गतीच्या चालण्यानेही पुष्कळ लाभ होतो, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली प्रौढांस आठवड्यातून १५० ते ३०० मिनिटे मध्यम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोमाची हालचाल सांगितली, ती ह्या साऱ्या पुराव्याचे सार होय.

आणखी एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक स्त्रीपुरुषांच्या पाहणीत २०२१ साली असे आढळले की, सवडीतील हालचाल आयुष्य वाढविते. परंतु पोटासाठी करावे लागणारे जड श्रम तसे करीत नाहीत, उलट धोका वाढविताना दिसतात. ओझी वाहणाऱ्यास ना श्रमाचा वेग आपल्या मर्जीने ठरविता येत, ना थकल्यावर विसावा मिळत. म्हणजे हमालाला ‘तुझा व्यायाम कामातच होतो’ असे सांगणे हे शास्त्रही नव्हे आणि न्यायही नव्हे. त्यालाही सवड हवी, मैदान हवे, आणि त्या सवडीत आनंदाने अंग हलविण्याची ताकद शिल्लक राहावयास हवी. व्यायामाचा प्रश्न शेवटी फुरसतीच्या वाटणीचा प्रश्न होतो, तो असा.

मॉरिस व पॅफेनबर्गर ह्या दोघांस १९९६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने क्रीडाशास्त्राचे पारितोषिक विभागून दिले. मॉरिसने स्वतःच्या आकड्यांवर विश्वास ठेवून लंडनच्या हॅम्पस्टेड हीथवर धावण्यास सुरुवात केली होती. त्या काळी प्रौढ गृहस्थाने असे धावणे हे वेडेपणाचे लक्षण समजले जाई आणि लोक त्याच्याकडे वळून पाहत. नव्वदी ओलांडल्यावरही त्याने अंग हलविणे सोडले नाही. २००९ च्या ऑक्टोबरात, शंभरीस काही महिने उरले असता, तो वारला.

एका माणसाच्या दीर्घायुष्याने शास्त्र सिद्ध होत नाही, हे मॉरिसनेच सर्वांत आधी सांगितले असते. त्यासाठी ३१,००० बसनोकरांच्या नोंदी, शिंप्याची वही आणि सोमवारी सकाळी भरलेले हजारो कागद लागले. त्या कागदांवर ज्यांनी आपला शनिवार प्रामाणिकपणे लिहून दिला, त्या अनाम कारकुनांचे ऋण मोठे आहे. त्यांतील काहींचा शनिवार आरामखुर्चीत गेला होता, काहींचा कुदळीवर. पुढे कोणाच्या घरी काय घडले, हे त्या कागदांनी सांगितले. आणि म्हणूनच पुढच्या पिढीच्या कारकुनास आपला शनिवार कसा घालवावा, हे ठरविणे शक्य झाले.