आजीने वाळूत भाजलेली नानकटाई



सुट्टीत लेकीने विचारले, "आई, अंड्याशिवाय काही भाजता येतं का?" मी तिला नानकटाईची गोष्ट सांगितली.

सुरतेत १७ व्या शतकापासून डचांची वखार होती. १८२५ साली डच गेले, तेव्हा त्यांची बेकरी दोतीवाला नावाच्या पारशी कारागिराकडे आली असे सांगतात. तेव्हा पावाचे पीठ ताडीने आंबवत; म्हणून पुष्कळ लोक पावाला शिवत नसत. नानकटाईला ताडी नको, अंडे नको. मैदा, तूप, पिठीसाखर पुरे.

माझ्या लहानपणी दिवाळीआधी घरी पीठ मळायचे आणि भाजायला बेकरीत न्यायचे. रांगेत उभे राहणे आम्हा मुलांचे काम! आजी मात्र त्यातली एकही खात नसे. त्याच भट्टीत अंड्याचे केक भाजतात ना! शेवटी तिने जाड पातेल्यात वाळू तापवून घरीच भाजायला घेतली. पहिला घाणा करपला. दुसरा तिने मला थापायला दिला. मी आठ वर्षांची होते.

मैदा ती दोनदा चाळायला लावी, जीवजंतू बघून. बेकिंगच्या पुस्तकांतही चाळायला सांगतात, पीठ हलके व्हावे म्हणून. कारण वेगळे, चाळणी तीच.

परवा लेकीने चाळला. निम्मा ओट्यावर. मी गप्प बसले, आणि ते सोपे नव्हते हो! नानकटाईला चिरा पडल्या, पण सूर्यास्ताआधी डबा रिकामा.