मर लागलेल्या रानातली कपाशी

कपाशीचं हिरवंगार झाड चार-आठ दिवसांत मलूल व्हावं, पानं पिवळी पडून गळावीत, आणि शेजारचंच झाड मात्र बोंडांनी लगडलेलं असावं, हे वऱ्हाड-खानदेशातल्या जुन्या शेतकऱ्यांनी पुष्कळदा पाहिलं होतं. सुकलेलं झाड उपटून मूळ चिरलं तर आत काळपट रेघ दिसे. याचं नाव ‘मर’. फ्युजेरियम नावाच्या बुरशीमुळे होणारा हा रोग. ही बुरशी मातीत राहते, एकदा रानात शिरली की वर्षानुवर्षं जात नाही आणि फवारणीलाही दाद देत नाही.

मग उपाय काय? जुन्या कृषी संशोधकांनी तो शेजारच्या जिवंत झाडातच शोधला. मर लागलेलं रान मुद्दाम निवडायचं, त्यातच पेरायचं, जी झाडं उभी राहतील त्यांचं बी धरायचं, आणि पुढल्या वर्षी पुन्हा त्याच मातीत टाकायचं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा चिकाटीतून मरीला न जुमानणारे देशी वाण तयार झाले. १९४०च्या दशकात खानदेश-वऱ्हाडात पसरलेला ‘जरीला’ हा त्यांतलाच. झाडातलं नेमकं काय त्याला वाचवतं, हे मात्र निवड करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. ठाऊक होण्याचं साधनच त्या काळी नव्हतं.

ते साधन हाती येण्याआधी कपाशीच्या भाऊबंदकीचा उलगडा व्हावा लागला. आपल्या देशी कपाशीच्या पेशीत २६ गुणसूत्रं असतात, अमेरिकन कपाशीत ५२. ही दुप्पट कशी झाली? १९३४ साली स्कोव्हस्टेड या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं, की त्या ५२ पैकी निम्मी मोठी आणि निम्मी लहान आहेत, आणि मोठी आपल्याकडच्या कपाशीसारखी आहेत. १९४० साली टेक्सासच्या बीस्ली यांनी देशी कपाशी आणि एक अमेरिकन रानटी कपाशी यांचा संकर केला, त्याची गुणसूत्रं औषधाने दुप्पट केली, तेव्हा ते झाड अमेरिकन कपाशीशी जुळलं! म्हणजे जिला आपण परदेशी म्हणत आलो, तिच्या निम्म्या अंगात आपल्या देशी कपाशीच्या चुलतघराण्याचं रक्त. हा संकर निसर्गाने दहा-वीस लाख वर्षांपूर्वी केलेला. जुन्या जगातला तो पूर्वज समुद्र ओलांडून कसा गेला, यावर वाद होत राहिले.

जनुकांचं वाचन सुरू झालं तेही याच नात्याच्या धाग्याने. आधी २०१२ साली पेरूमधल्या रानटी कपाशीचा जनुकसंच प्रसिद्ध झाला. तो लहान, सुमारे ८८ कोटी अक्षरांचा, म्हणून सोपा. २०१४ साली देशी कपाशीचा, सुमारे १७० कोटींचा. आणि २०१५ साली अमेरिकन कपाशीचा, अडीचशे कोटींच्या आसपास. पहिले दोन शेजारी ठेवले तेव्हा एक मजेची गोष्ट दिसली. रोगाची चाहूल घेणाऱ्या जनुकांचं एक कुटुंब आहे. पेरूच्या कपाशीत ते वाढत गेलेलं, तर देशीत आक्रसत गेलेलं. व्हर्टिसिलियम या दुसऱ्या मर-बुरशीला पेरूची कपाशी सहसा बधत नाही, देशी बळी पडते.

पण यावरून देशी कपाशी दुबळी, असं कोणी समजू नये. १९९३ साली राजस्थानात श्रीगंगानगर भागात अमेरिकन कपाशीची पानं वाटीसारखी वळू लागली. पांढऱ्या माशीने पसरणारा हा विषाणूजन्य पर्णगुच्छ पाकिस्तानात आधीच हाहाकार माजवून आला होता. देशी कपाशीला मात्र त्याचा उपद्रव झाला नाही. पाकिस्तानात प्रतिकारक वाण निघाले, तर २००१ साली बुरेवाला इथे विषाणूने रूप बदलून त्यांनाही पाडलं. २००२ साली आपल्याकडे आलेल्या बीटी कपाशीचा या रोगाशी संबंध नाही, कारण तिच्यातलं जनुक बोंडअळीसाठी आहे. हा घोटाळा अजूनही कानांवर येतो.

उलट बाजूही तशीच आहे. भारतातली मर देशी कपाशीला छळते, अमेरिकन कपाशीला नाही. स्वातंत्र्याच्या वेळी आपलं बहुतेक कापूसक्षेत्र देशी होतं. १९७० साली गुजरातेत एच-४ हा संकरित वाण आला, पुढे अमेरिकन कपाशी सर्वत्र झाली आणि मरीची चर्चा विरली. देशी बियाणंही त्याच ओघात मागे पडलं. याचं मला सर्वांत वाईट वाटतं. जनुकसंच वाचायला झाड जिवंत लागतं, आणि एका झाडाचा संच वाचून हरवलेल्या वाणांत काय होतं ते कळत नाही. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी जपलेल्या देशी बियांचं मोल म्हणूनच कापसाच्या भावात मोजता येणार नाही.

इकडे विसरलेली मर तिकडे उगवली. १९६० साली भारतातल्या नमुन्यांवरून या बुरशीचा ‘चौथा प्रकार’ नोंदवला गेला होता. तोच २००१ साली कॅलिफोर्नियात, लांब धाग्याच्या पिमा कपाशीवर सापडला. पुढे २०१७ साली टेक्सासमध्येही. तिथले पैदासकार आता मर लागलेलं रान निवडून त्यात शेकडो वाण पेरतात आणि उभी राहिलेली झाडं मोजतात. वाचलेल्या झाडाच्या पानाचा तुकडा मग प्रयोगशाळेत जातो. प्रतिकाराची खूण जनुकसंचात कुठे आहे हे एकदा कळलं, की पुढच्या पिढीच्या कोवळ्या रोपातच ती शोधता येते, सबंध हंगाम थांबावं लागत नाही. पण ती खूण खरी की खोटी, हे ठरवायला रोप पुन्हा त्याच रोगट मातीत लावावं लागतं.