शिकाऊ परिचारिका : विद्यार्थिनी की बिनपगारी कामकरीण?

घरातले माणूस इस्पितळात ठेवण्याची वेळ आपल्यापैकी बहुतेकींवर कधी ना कधी येतेच. मग दिवसभर आपले डोळे दाराकडे लागतात, 'सिस्टर' केव्हा येते म्हणून. ही येणारी मुलगी पुष्कळदा शिकाऊ असते. तिने पाहिलेली नाडी, तिने नोंदलेला ताप आणि वेळेवर डॉक्टरांना दिलेली वर्दी यांवर आपल्या माणसाचा जीव अवलंबून असतो. पण हे सारे तिला कोण शिकवते, केव्हा शिकवते, याची विचारपूस आपण करीत नाही. ज्यांनी ती नेटाने केली त्या बहुतेक स्त्रियाच होत्या. तेव्हा त्यांची हकिकत आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत सांगणे वावगे होणार नाही.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. क्रिमियाच्या युद्धातील त्यांच्या सेवेबद्दल लोकांनी जो निधी जमविला, त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात परिचारिकांची शाळा निघाली. पहिल्या तुकडीत १५ मुली होत्या व शिक्षण एक वर्षाचे होते. आधुनिक शुश्रूषा-शिक्षणाचा पाया येथे घातला गेला, असे आपण वाचतो. ते खरेच, पण पाया घातला म्हणजे घर झाले असे नव्हे. १८७२ च्या सुमारास खुद्द नाइटिंगेलबाईंनी शाळेत बारकाईने लक्ष घातले तेव्हा मुलींना पद्धतशीर शिक्षण फारच थोडे मिळते, असे त्यांना आढळले. मॉनिका बेली या विदुषींनी त्या काळचे कागदपत्र तपासून १९८६ साली पुस्तक लिहिले व शाळेची ही उणी बाजू सविस्तर मांडली.

उणीव राहिली ती सौद्यामुळे. मुलीला राहणे, जेवण व विद्या मिळावी आणि इस्पितळाला कामाला हात मिळावेत, असा तो सौदा. कागदावर दोघांच्या सोयीचा. प्रत्यक्षात तराजूचे पारडे एकाच बाजूला झुकले. रोगी तर रात्रंदिवस हाका मारणार, आणि वर्ग काय, उद्याही घेता येतो! ही रीत इंग्लंडातून अमेरिकेत गेली. पगारी परिचारिका ठेवण्यापेक्षा शाळा काढणे स्वस्त पडते, हे तेथील इस्पितळांच्या चालकांनी लवकरच ओळखले.

या सौद्याचा हिशेब मांडला तो मेरी ॲडलेड नटिंग यांनी. जन्माने कॅनडाच्या या बाई बॉल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स इस्पितळाच्या शाळेतून १८९१ साली पहिल्या तुकडीत उत्तीर्ण झाल्या आणि थोड्याच वर्षांत त्या शाळेच्या प्रमुख झाल्या. 'मुली थकतात' अशी तक्रार विश्वस्तांपुढे कोणीही केली असती. नटिंगबाईंनी १८९५ साली त्यांच्यापुढे आकडे ठेवले. शिकाऊ मुली आठवड्याला ६० पासून १०५ तासांपर्यंत राबत होत्या! १०५ तास म्हणजे रविवारदेखील धरून रोजचे १५ तास. त्यानंतर ती मुलगी वही उघडणार केव्हा? तक्रार कानाआड करता येते, आकडे येत नाहीत. विश्वस्तांनी तीन वर्षांचा अभ्यासक्रम व आठ तासांचा दिवस मान्य केला. १९०१ पासून तेथे वॉर्डात जाण्यापूर्वी सहा महिने पूर्वतयारीचे शिक्षणही सुरू झाले. पुढे १९०७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात नटिंगबाई शुश्रूषा-विषयाच्या प्राध्यापिका झाल्या. हा मान जगात प्रथम त्यांनाच मिळाला.

येथे जाता जाता एका बाहुलीची गोष्ट सांगितली पाहिजे. हार्टफर्ड इस्पितळातील शाळेच्या प्रमुखांना मुलींना अंग पुसणे, कूस बदलणे, चादर बदलणे शिकवायचे होते, पण त्यासाठी आजाऱ्याला त्रास देणे त्यांना प्रशस्त वाटेना. मार्था चेस या बाई मुलांसाठी कापडी बाहुल्या करीत. त्यांच्या कारखान्याकडून १९११ साली शाळेने पुऱ्या बाईएवढी बाहुली करवून घेतली. तिचे नाव पडले 'मिसेस चेस'. आधी बाहुलीवर चुकावे आणि मग माणसाला हात लावावा, ही कल्पना किती साधी, पण ती सुचायला शाळा निघून पन्नास वर्षे जावी लागली.

यानंतरची मोठी चौकशी जोसेफिन गोल्डमार्क यांची. त्या परिचारिका नव्हत्या, कामगार स्त्रियांच्या प्रश्नांच्या अभ्यासक होत्या. ऑरेगॉन राज्यातील धुलाई-कारखान्यांत बायकांना दिवसाला दहा तासांहून अधिक राबवू नये, या कायद्याचा खटला १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे होता. त्यासाठी लागणारी माहिती गोळा करण्यात त्यांचा मोठा हात होता. रॉकफेलर फाउंडेशनने नेमलेल्या समितीसाठी त्यांनी निवडक २३ शाळा पाहिल्या आणि १९२३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. धोबिणींचे तास मोजणाऱ्या बाईंना शिकाऊ मुलींच्या दिवसातही तेच दिसले : एकदा शिकून झालेली तीच तीच कामे पुनःपुन्हा, थकून आल्यावर कसेबसे उरकलेले वर्ग, अपुऱ्या शिक्षिका. त्याच वर्षी येल विद्यापीठात शुश्रूषेची स्वतंत्र शाळा निघाली व तेथे शिक्षणाला पहिले स्थान मिळाले. इतर बहुसंख्य इस्पितळे मात्र पुष्कळ वर्षे जुन्याच वाटेने चालली. फुकटचे हात कोण सोडतो?

आपल्याकडे प्रश्न आणखी अवघड होता, कारण येथे मुलगी शाळेत येण्यापाशीच अडचण होती. परक्याचे अंग पुसणे, रात्रपाळी करणे हे कुलीन बाईचे काम नव्हे, ही समजूत. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने १९०९ नंतर विधवा भगिनींना ससून इस्पितळात शुश्रूषेच्या शिक्षणासाठी पाठविले, त्याला केवढे धैर्य लागले असेल! १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा अवघ्या हिंदुस्थानात सुमारे ७,००० परिचारिका होत्या, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्यांच्यावरील कामाचा बोजा व राहण्याची गैरसोय यांवरही समितीने बोट ठेवले. त्याच वर्षी दिल्ली व वेल्लोर येथे पदवीचे शिक्षण सुरू झाले. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद निर्माण झाली. मुंबईत श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाचे परिचर्या महाविद्यालय १९६४ चे.

परिचारिकेला इतके शिकवून रोग्याला काय लाभ, असे विचारणारे पूर्वी होते आणि आजही आहेत. लिंडा एकेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ इस्पितळांतील दोन लाख बत्तीस हजारांवर शस्त्रक्रियांच्या नोंदी तपासल्या. १९ वर्षांपूर्वी नव्हे, त्याहूनही आधी, २००३ साली त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण शेकडा १० ने अधिक, तेथे शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत रोगी दगावण्याचा संभव सुमारे शेकडा ५ ने कमी. युरोपातील नऊ देशांच्या २०१४ च्या पाहणीतही असाच कल दिसला. अशा पाहणीने कारण पुरते सिद्ध होत नाही, हे खरे. चांगल्या इस्पितळात इतरही गोष्टी चांगल्या असतात. तरी दोन्हीकडे कल एकाच दिशेचा आहे.

मिसेस चेसच्या नातीही आता बोलू लागल्या आहेत, त्यांची छाती वरखाली होते, नाडी लागते. अमेरिकेतील दहा शाळांत केलेल्या व २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे दिसले की, शिक्षक तयारीचे असतील तर वॉर्डातील शिक्षणाच्या निम्म्या तासांपर्यंत असा सराव दिला तरी मुली मागे पडत नाहीत. आपल्या परिषदेने २०२१ साली लागू केलेल्या पदवी अभ्यासक्रमातही अशा सरावाला जागा आहे. पण शिक्षकाची अट विसरून नुसती बाहुली आणून कपाटात ठेवली, तर ती शोभेचीच राहील.

आपल्या आळीतल्या कितीतरी मुली या शिक्षणाला जातात. प्रवेशाच्या वेळी आपण फी विचारतो, वसतिगृह पाहतो. त्याबरोबर नटिंगबाईंचा प्रश्नही विचारावा : आठवड्याला ड्यूटी किती तास? रात्रपाळीच्या दुसऱ्या दिवशी वर्ग असतो का? आणि खाटेशी उभे राहून हिला शिकवणार कोण?